सोनेगाव ते मुंबई, डावीकडची खिडकी

सोनेगावच्या विमानतळावर मी एकतीस वर्षं नोकरी केली, पण कॉकपिटमध्ये एकदाही बसलो नाही. माझं काम खालचं. सामान चढवायचं, उतरवायचं आणि विमान निघायच्या आधी चाकांना लावलेले लाकडी ठोकळे काढायचे.

तेव्हा दोन पंख्यांचं एक विमान यायचं. पंख छताच्या वर, आणि उभं राहायचं बगळ्यासारख्या लांब पायांवर. त्याचं इंजिन सुरू होताना अशी शीळ घालायचं की घरी जेवायला बसलो तरी कानात वाजत राहायची. माझा त्याच्यावर फार जीव होता. पुढे जेट विमानं आली आणि हे यायचं बंद झालं. निरोप वगैरे काही नाही. एका आठवड्यात होतं, पुढच्या आठवड्यात नव्हतं.

निवृत्त झाल्यावर आम्ही हुडकेश्वरला राहायला आलो. मुलीनं तिचा कॉम्प्युटर मला दिला आणि त्यावर विमान चालवायचा सिम्युलेटर टाकून दिला. त्यातली विमानं आजची. सगळीकडे चकचकीत पडदे, निम्मं काम आपोआप. माझं मन काही रमेना. मग कळलं की जुनी विमानं हौशी लोक स्वतः तयार करतात आणि ती ॲड-ऑन म्हणून वेगळी घालता येतात. आठवडाभर शोधलं, तेव्हा माझं विमान सापडलं. परदेशातल्या कुणीतरी बनवलेलं. सामानाच्या दाराखाली रंग खरवडलेला होता. पेट्या घासून तो नेमका तिथेच उडायचा. हे त्या माणसाला कसं ठाऊक, या विचारात मी कितीतरी वेळ त्या दाराकडेच पाहत बसलो.

मग इंजिन सुरू केलं. शीळ ऐकून बायको स्वयंपाकघरातून आली. हाताला कणीक तशीच.

"हे तेच हाये ना? मी बसली होती ते?"

तेच होतं. आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली असतील. सासऱ्यांना उपचारासाठी मुंबईला नेलं होतं. ऑपरेशन अचानक दुसऱ्या दिवसावर आलं आणि त्यांनी लेकीला बोलावून घेतलं. रेल्वेनं ती वेळेवर पोचली नसती. आमच्या साहेबांनी एका जागेचा पास करून दिला. तिची पेटी मीच चढवली, ठोकळे काढले आणि बाजूला उभा राहून हात हलवत राहिलो. खिडकीतून काही उत्तर आलं नाही. सासरे त्यातून बरे झाले, पुढे बरीच वर्षं शेतीही केली. पण तिनं साधा हातसुद्धा हलवला नाही, हे माझ्या मनात राहून गेलं होतं.

त्या दिवशी सिम्युलेटरसमोर ते तोंडातून निघून गेलं.

"तुमी हात हलवून राहिले होते? मंग इतके वर्ष सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? तू पाह्यलंच नाही माह्याकडे."

"मी डोळे मिटून बसली होती," ती म्हणाली. "मुंबई येईपर्यंत. मले वाटे, डोळे उघडले का बाबाचं काही वाईट होऊन जाईन."

ती हात धुऊन आली, खुर्ची ओढून शेजारी बसली. "डावीकडं होती माही खिडकी. तिथून दाखवा."

मी दृश्य आतल्या खिडकीवर आणलं आणि सोनेगावहून उड्डाण केलं. वर्धा रोड खाली गेला, तशी ती म्हणाली, "पयले खाप्याकडून न्या." तिचं माहेर ते. मुंबई पश्चिमेला आणि आम्ही वळलो उत्तरेला. कन्हान नदी दिसली तशी ती पुढे वाकली. पडद्यावर बोट टेकवून म्हणाली, "हे पाहा आमचं घर." तिथे सिम्युलेटरनं गोदामासारखं काहीतरी उभं केलं होतं. मी "हो" म्हणालो.

वेळ पुढे पळवायची सोय असते, पण तिनं ती वापरू दिली नाही. पूर्ण दोन तास लागले. मधे तिनं चहा करून आणला. घाट आला, खाडी आली, मग समुद्र. उतरताना मी विमान दोनदा आपटलं.

"तवा असं नव्हतं उतरलं."

"डोळे मिटून होती ना वं तू?"

"आपटलं असतं तर समजलं नसतं का?" ती हसली आणि पदरानं डोळे पुसले.

मग उठून तिनं बहिणीला फोन लावला. मी इंजिनं बंद करत होतो. आतून तिचा आवाज येत होता, "अवं, मी आज मुंबईले जाऊन आली. हो, विमानानंच. खिडकीतून पाहत पाहत गेली."