गेम, चरोदा

"गेम, सक्सेना."

"गेम, सक्सेना."

मग एक गेम मी घेतला. उंच खुर्चीवर बसलेल्या पंचांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "गेम, चरोदा."

वेताच्या खुर्च्यांतून एक आवाज आला, "चलो भई, चरोदा आ गया. उतरो."

चरोदा माझं आडनाव नाही, भिलाईजवळचं रेल्वे स्टेशन, माझं गाव. अख्खा क्लब हसला. असा हसला की मला वाटलं, भिलाईतल्या सगळ्या भट्ट्यांची दारं एकदमच उघडली. स्टील प्लांटच्या सेक्टरमधला साहेबलोकांचा क्लब, शाळकरी मुलींची स्पर्धा, मी सहावीत. अंगात भावाचा टी-शर्ट, त्यात माझ्यासारख्या अजून दोघी मावल्या असत्या.

पुढचा गेमही मी घेतला. "गेम, चरोदा." खुर्च्यांतून, "अरे, ये गाडी हर स्टेशन पे रुकती है क्या?" पुन्हा हशा.

बॉल उचलायला जाताना मी खुर्चीखाली थांबले. मान मागे टाकून म्हटलं, "अंकल, मेरा सरनेम लिखा है ना वहाँ?"

ते खाली वाकले. रागावले नव्हते, उलट प्रेमानंच बोलले.

"लिखा है बेटा. बोलने में अच्छा नहीं लगता."

आई म्हणते मी प्रत्येक गोष्ट फुगवून सांगते. सांगते. आई भाजीत मीठसुद्धा भीत भीत घालते, तिचा हिशोब वेगळा. पण या वाक्यात मी चिमूटभरही काही घातलेलं नाही. ते जसं कानात पडलं तसंच ठेवलंय.

टेनिसची एक रीत आहे. गेम संपला की पंच जिंकणाऱ्याचं आडनाव पुकारतो. हरणाऱ्याचं कोणी पुकारत नाही. सहावीतल्या मेंदूनं ही रीत बरोब्बर पकडली. जिंकलं की स्टेशन येतं, स्टेशन आलं की लोक हसतात. मग जिंकायचंच कशाला?

मी बॉल जाळ्यात मारायला लागले. सोपे, पोळीसारखे हातात आलेले बॉल. "गेम, सक्सेना. गेम, सक्सेना." कोणी हसलं नाही. टाळ्यासुद्धा पडल्या. मॅच संपली तेव्हा मला चक्क हलकं वाटत होतं.

त्या हलकेपणाची मला आजही शिसारी येते.

आमचं घर चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत. बाबा यार्डात डबे जोडायच्या-तोडायच्या कामावर. आवाज असा की त्यांनी चरोद्यात हाक मारली तर दुर्ग स्टेशनवरचा चहावाला "आया साब" म्हणून उठायचा. कॉलनीत सिमेंटचं एक जुनं कोर्ट होतं. पूर्वी साहेब खेळायचे म्हणे, नंतर लग्नाचे मांडव पडायचे. मधोमध भेग. त्या भेगेत आमच्या कॉलनीतली निम्म्या बकऱ्या चरून मोठ्या झाल्यात. त्या भेगेवर पडलेला बॉल कुठं उडेल हे देवालाही कळायचं नाही. मला कळायचं. म्हणून पुढं सपाट कोर्टवर आल्यावर मला तो खेळ फारच सोपा वाटला. इतका सोपा, की बाहेरगावच्या मुलींचे प्रशिक्षक मला विचारायचे, कुठल्या अकादमीची. मी सांगायचे, भेग अकादमी. ते मान डोलवायचे.

तर अशी मी वाढले, खेळले, पोट भरण्यापुरती कमवायला लागले. बस, ट्रेन, स्वस्तातली हॉटेलं, परदेशातल्या कुठल्याशा गावात ब्रेड आणि लोणचं. आणि मग भिलाईतच बायकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आली. त्याच क्लबात. कोर्ट आता निळं, गुळगुळीत. गेली काही वर्षं मी सराव तिथेच करत होते, कारण साऱ्या भिलाई-दुर्गमध्ये तसं दुसरं कोर्ट मला कोणी उघडून देत नव्हतं. मुख्य फेरीत मला थेट जागा, म्हणजे वाइल्ड कार्ड, दिलं, घरची पोरगी म्हणून. जुनवानीच्या रस्त्यावर माझं होर्डिंग लागलं. एकटं नाकच एवढं, की त्याच्या सावलीत दोन ऑटोवाले झोपायचे. खाली लिहिलेलं: भिलाई की बेटी. आणि माझं नाव. फक्त नाव.

मॅचच्या आदल्या दिवशी क्लबचे सेक्रेटरी सरावानंतर मला भेटायला आले. गोड माणूस. इतका गोड, की मुंग्या त्याच्या मागे थेट दुर्गच्या पद्मनाभपूरपर्यंत जात असतील. सफरचंदं आणली होती.

"बेटा, अनाउंसर तो सिर्फ फर्स्ट नेम बोलेगा," ते म्हणाले. "पर वो अंपायर मैडम बाहर से आई है. वो सरनेम ही पुकारेगी. तुम उनको बोल दो कि तुम्हें फर्स्ट नेम पसंद है. प्लेयर खुद बोले तो मान लेते हैं."

"क्यों बोलूँ?"

"अरे, तुम सबकी बेटी हो. सबकी बेटी का कोई सरनेम थोड़ी होता है."

मी हातातलं सफरचंद परत पिशवीत ठेवलं.

"बाहर से मेहमान आएँगे," ते म्हणाले. "अच्छा माहौल है. क्यों बिगाड़ना? और कोर्ट की फ़िक्र मत करना, वो तो अपना ही है. जब तक सब अपने हैं, तब तक अपना है."

सगळं स्पष्ट होतं. आडनाव गिळलं तर कोर्ट राहील. पुकारलं गेलं तर जाईल. कोर्ट गेलं तर सराव गेला, आणि सराव गेलेला खेळाडू म्हणजे नुसती बॅग उचलणारी बाई.

लोकलनं घरी गेले. बाबा आता रिटायर. मी सांगितलं. त्यांनी बराच वेळ चहात बिस्किट धरून ठेवलं. बिस्किट विरघळून पडलं तरी हात तसाच.

"हो म्हनून टाक बाई," ते म्हणाले. "कोर्ट गेलं तं खेळशील कुठी? मले साऱ्या नोकरीत कोनी पुऱ्या नावानं हाक नाई मारली. मेलो का मी?"

आई कणीक मळत होती. वर न पाहता म्हणाली, "मेले नाई. पन बजारात कोनी बी 'ए' म्हनलं का तुमी अजून वळून पाहाता."

बाबांनी चहात पडलेलं बिस्किट चमच्यानं ढवळलं, आवाज न करता. चरोद्याच्या इतिहासात पहिल्यांदा.

"मंग तू सांग, काय करू?" मी म्हटलं.

"मले कावून विचारतं? मी तं हे आडनाव लग्नात घेतलं. त्याच्यापायी तुह्या बापाचं घोरनं सोसून राहिली. सासूचं बोलनं सोसलं. अन तू सफरचंदात देऊन राहिली का?"

मी हसले. बाबाही हसले. आई हसली नाही. कणकेचा गोळा तिनं परातीत असा आपटला की शेजारच्या घरात कोणीतरी दार उघडून पाहिलं.

रात्री पडल्या पडल्या मी सगळ्या मॅचेस आठवल्या. बाहेरदेशी पंचांनी माझं आडनाव किती वेडंवाकडं पुकारलं होतं. एकानं तर असं पुकारलं की मला वाटलं तो जेवायला काय आहे विचारतोय. पण पुकारलं. कोणाचं तोंड कडू झालं नाही. ते फक्त इथंच होतं, माझ्या गावात, माझ्या टाळ्या वाजवणाऱ्या माणसांत. त्यांना माझा फोरहँड हवा होता. मी नको होते.

सकाळी कोर्टवर गेले. सेक्रेटरी पाहुण्यांना खुर्च्या दाखवत होते. त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं मी अंपायर बाईंना म्हटलं, "माझं आडनाव लिहिलंय तसंच पुकारा. पूर्ण."

बाई म्हणाल्या, "नेहमीच तसं पुकारते. नीट उच्चारून दाखवता?"

मी उच्चारून दाखवलं. त्यांनी म्हणून पाहिलं. मी दुरुस्त केलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. एकमेकींना परक्या अशा आम्ही दोघी नाणेफेकीच्या आधी उभ्या राहून माझ्या आजोबा-पणजोबांचं आडनाव घोकत होतो. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त ते आता कोणाचं आहे हे त्यांनाच माहीत नसावं.

ते आडनाव मी इथं लिहिणार नाही. कागदावर आडनाव दिसलं की तुम्ही आधी ते वाचता, मग माणूस वाचता, आणि कधीकधी माणसाची गरजच पडत नाही. सवय आहे तुम्हाला. मलाही आहे. ऐकायचं असेल तर कोर्टवर येऊन बसा.

स्टँड भरलेला. सावलीत वेताच्या खुर्च्या. उन्हात सिमेंटच्या पायऱ्या, त्यावर आमची कॉलनी, डब्यांसकट, उपरण्यांसकट. समोर दिल्लीकडची एक उंच पोरगी. तिनं सर्व्हिस करायला हात वर केला की आकाशातल्या घारी बाजूला सरत. खुर्च्यांतून घोष: "भिलाई की बेटी, भिलाई की बेटी."

आणि मी गेम हरायला लागले.

एक. दोन. तीन. चार. पंचांच्या तोंडी फक्त तिचं आडनाव. माझे बॉल जाळ्यात. सोपे, हातातले. चौथा गेम गेला तेव्हा मला कळलं काय चाललंय. सहावीतली ती पोरगी माझ्या मनगटात बसून होती. जिंकू नको, म्हणत होती. जिंकलीस तर पुकारतील.

मागच्या भिंतीपाशी जाऊन टॉवेल तोंडावर घेतला आणि टॉवेलातच तिला बोलले. काय बोलले ते छापण्यासारखं नाही. यार्डातली भाषा.

पाचवा गेम ड्यूसला आला. मी रेषेवर एक बॅकहँड मारला, धूळ उडाली. बाईंनी माइक ओढला.

"अॅडव्हान्टेज," आणि माझं आडनाव.

स्पीकर चांगल्या कंपनीचा होता. आडनाव क्लबाच्या गच्चीवर आदळलं, बगीच्यात गेलं, स्वयंपाकघरात गेलं. खुर्च्यांत टाळीसाठी वर आलेले हात हवेतच राहिले. मी बेसलाइनकडे चालले होते. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी बायकोकडे मान वळवली.

"अच्छा," ते म्हणाले. "ये लोग हैं."

बायको म्हणाली, "पोस्टर पे तो लिखा नहीं था."

मी पुढचा पॉइंट घेतला. गेम, आणि माझं आडनाव. आता घोष बंद. बेटी गायब. भिलाईनं मला जन्म दिला होता तो एवढ्या दोन पॉइंटांत परत घेतला.

मग पायऱ्यांवरून बाबांचा आवाज आला. त्यांनी जन्मात टेनिस पाहिलं नव्हतं, पॉइंट सुरू होताना गप्प बसायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आपलं आडनाव पुकारलं. स्वतःचं, माझं, आईनं घेतलेलं. कॉलनीनं उचललं. अंपायर बाई म्हणाल्या, "क्वायट प्लीज." कोणी ऐकेना. त्या दोनदा म्हणाल्या, मग चष्मा पुसत बसल्या.

पहिला सेट गेला. दुसरा मी घेतला. तिसरा घेतला. प्रत्येक गेमला पुकारा, प्रत्येक गेमला खुर्च्यांत एकेक जागा रिकामी. चहाची वेळ झाली असेल. शेवटी बाईंनी "गेम, सेट अँड मॅच" म्हणून माझं आडनाव पुकारलं तेव्हा सावलीत सेक्रेटरी होते आणि दोन वेटर. वेटरांनी टाळ्या वाजवल्या.

त्यापुढची मॅच मी हरले. सरळ खेळात हरले, समोरची पोरगी माझ्यापेक्षा चांगली होती.

आठवड्यानं सरावाला गेले तर फाटकावर पहारेकरी. मला ओळखणारा, रोज नमस्कार करणारा. मान खाली घालून म्हणाला, "दीदी, आपके लिए कोर्ट रिपेयर में है." आत त्या निळ्या कोर्टवर कोणाची तरी मुलं खेळत होती. बॉलचा आवाज येत होता. होर्डिंगवर आता सिमेंटच्या पोत्याचा फोटो आहे. ऑटोवाले म्हणतात, सावली पूर्वीसारखी पडत नाही.

सेक्रेटरींचा फोन आला. "बेटा, हमने तो तुम्हारे भले के लिए कहा था. अगले साल की वाइल्ड कार्ड की बात करनी है. आ के मिल लो. एक बार कमिटी वालों से माफी जैसा कुछ बोल देना."

मी म्हटलं, "नहीं आऊँगी."

"फिर मेन ड्रॉ में कैसे खेलोगी?"

कसं ते सांगते. पात्रता फेरीतून. तिथं आमंत्रण लागत नाही, नुसतं जिंकावं लागतं. मुख्य फेरीच्या आधी जास्तीच्या मॅचेस, भर उन्हात, मागच्या कोर्टांवर. त्या फेरीत बहुतेक वेळा पंचांची खुर्चीच नसते. खेळणाऱ्यानं स्वतःच मोठ्यानं स्कोअर पुकारायचा, असा नियम.

मी पुकारेन. प्रत्येक गेमला, आडनावासकट, तुमच्याच क्लबात उभी राहून. कानात बोटं घालायची असतील तर आत्तापासून सराव करा.