पिशवी खाली ठेवून ये

नाना दवाखान्यात यायचे ते चपलांची तोंडं दाराकडे करूनच. "पळायला बरं पडतं रे," म्हणायचे. पन्नास-बावन्न सालची गोष्ट. पार्ल्याला आमच्या इमारतीत तळमजल्यावर मी नवा दवाखाना थाटला होता. नाना वरच्या मजल्यावर राहायचे, एका विलायती कंपनीत हेडक्लार्क होते. त्यांनी मला चड्डीत पाहिलेलं, त्यामुळे डॉक्टर झालो तरी मी त्यांचा बाळ्याच.

दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला की हा गडगडाटी माणूस एकदम गप्प. कपाळावर घाम, आणि पारा एकशे ऐंशीच्या आसपास. "तुझं हे यंत्रच मला घाबरवतं! वर घरी ये, मग बघ." खरंच, संध्याकाळी बुद्धिबळाचा डाव मांडला की नाना खुशीत. तोंडात खारवलेली कैरी, आणि माझा घोडा मारला की शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत आरोळी. छे, हा कसला आजारी! काहींचा दाब डॉक्टरला बघूनच चढतो, हे मी ऐकलं होतं. ते नानांना सांगून बसलो, आणि नानांनी इमारतभर केलं. "आमचं प्रेशर बाळ्याला बघून चढतं. बाळ्या नसला की आम्ही ठणठणीत!" सगळे हसायचे. मीही.

मग वर जाऊन मोजून का पाहिलं नाही? तर नानांची अट. "खेळायला येताना पिशवी खाली ठेवून ये. डॉक्टर पिशवी घेऊन जिना चढला की बायकामंडळी दारात येतात, कुणाचं काय झालं म्हणून." मी मुकाट ऐकलं. तीन वर्षं रोज त्या माणसासमोर बसलो, आणि यंत्र अठरा पायऱ्या खाली कपाटात. एकदा माई, नानांच्या पत्नी, चहा देताना म्हणाल्या, "हे हल्ली सकाळी डोकं धरूनच उठतात रे."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," मी म्हटलं आणि हत्ती सरकवला. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

एका रविवारी दाढी करताना नानांचा उजवा हात लुळा पडला. इस्पितळाच्या कागदावर दाब वाढलेलाच होता. तरी माझं वेडं मन म्हणे, तिथले पांढरे डगले बघून घाबरले असतील. ते घरी आले त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा पिशवी घेऊन वर गेलो. नाना उशीला टेकून माईंचं काहीतरी ऐकत हसत होते. घाम नाही, धडधड नाही. मी पट्टा बांधला. पारा तिथंच थांबला, जिथं खाली थांबायचा. मी तीनदा मोजलं.

"आज भ्यालो नाहीये मी," नाना अडखळत म्हणाले. "तेवढाच आहे ना?"

मी मान हलवली. "नाना, मी आधीच वर आणायला हवं होतं हे."

"मीच नको म्हणायचो. भित्रा माणूस नको म्हणणारच रे. पण डॉक्टर तू होतास ना, बाळ्या?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. सर्पगंधेच्या गोळ्या सुरू केल्या, मीठ तोडलं, कैरीची बरणी माईंनी देऊन टाकली. दिवाळीच्या आधी दुसरा झटका आला आणि नाना गेले.

आता कुणाकडे नुसता चहाला गेलो तरी पिशवी हातात असते. बायकामंडळी दारात येतात. येऊ देत.