प्रॉम्प्टरची गोळी

रंगमंचावर मी कितीदा राणी झाले, कितीदा मेले! आम्ही अडलो की हळूच शब्द पुरवणारा आमचा प्रॉम्प्टर मात्र विंगेतल्या स्टुलावर बसल्या बसल्या म्हातारा झाला. टाळ्या आमच्या, खोकला दाबायचा त्यानं. लग्न त्यानं केलं नाही. नाटक कंपनी मोडल्यावर तो एका खोलीत राहू लागला. खुर्ची एकच. मी गेले की ती मला देऊन हा पलंगाच्या काठावर.

त्याला रक्ताचा कॅन्सर झाला. इस्पितळातले उपचार संपले आणि पुढं बराच काळ घरी गोळी घ्यायची ठरली. ती सुटली तर आजार उलटणार. पण त्या गोळीनंच तो वाळत चालला. तोंड सोलवटलं, पाणीही झोंबे. ताप चढला की गोळी बंद, उतरला की पुन्हा सुरू.

तपासणीला मी सोबत गेले. डॉक्टर घडाघडा बोलत होते, "रक्तातल्या पेशी उतरल्यात. कसलासा संसर्ग झाला असेल. ताप गेला की पुन्हा तोच डोस." हा आपला मान डोलावतोय!

बाहेर आल्यावर मी उसळले, "अरे, तोंड आलंय ते का नाही सांगितलंस? दर वेळी गोळी सुरू केली की होतंय!"

"बाई, ते बोलत होते ना. कुठं अडले ते?"

समोरचा अडल्याशिवाय शब्द काढायचा नाही, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. मी त्याला दंडाला धरून परत आत नेलं. "डॉक्टर, हा जन्मात आपणहून बोललेला नाही. त्याचं तोंड उघडून बघा."

डॉक्टरांनी बघितलं. मग गोळी कधी सुरू केली, त्रास कधी झाला, हे एकेक करून विचारलं. गोळी पूर्ण थांबवली. नर्सनं कापसाची काडी त्याच्या गालाच्या आतून हलकेच फिरवली.

"काहींच्या शरीरात हे औषध नीट मोडत नाही," ती म्हणाली. "साचत जातं. जन्मतःच असतं ते, जनुकांत. तेच तपासायचंय."

रिपोर्ट येईपर्यंत तो गोळीविना, भेदरलेला. संशय खरा ठरला. दोष आईकडूनही आलेला, वडिलांकडूनही.

"आईबापानं मागं काही ठेवलं नाही म्हणून कुरकुरायचो," तो म्हणाला. "ठेवलं होतं की!"

नर्स खळखळून हसली. "मग भावंडांनाही कळवा हं. त्यांच्यातही असेल."

"कुणी नाही."

"घरी लक्ष कोण ठेवतं?"

मी म्हटलं, "मी आहे. फोनवर."

डोस दहाव्या हिश्श्यावर आला, तोही आठवड्यातून तीनदाच. पेशी सावरल्या, तोंडातल्या जखमा भरल्या. आता गोळीच्या दिवशी त्याचा फोन येतो.

"बाई, घेतली."

"तोंड?"

"बरंय."

एवढंच. मग बोलायला काही उरत नाही, पण फोन कुणीच ठेवत नाही. त्याच्या खोलीतल्या पंख्याची घरघर मला ऐकू येते, माझ्या घड्याळाची टिकटिक त्याला येत असेल. त्याला कुठं जायचं नसतं. मलाही.