गोमाच्या उपाशी पोटातली लाट

जपानमधल्या माएबाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात किनुए ओरिहारा नोकरीला लागली ती काचेच्या नळ्या धुवायला. धुता धुता ती प्रश्न विचारायची, आणि उत्तर पटलं नाही की पुन्हा विचारायची. शेवटी कंटाळून प्रयोगशाळेचे प्रमुख नेगिशीसर यांनी तिला एक प्रयोगच देऊन टाकला. हट्टी माणूस अशाने गप्प होत नाही, हे सरांना उशिरा कळलं.

किनुएचं म्हणणं साधं होतं. कुत्रा उपाशी असला की दीड-दोन तासांनी त्याच्या आतड्यातून आकुंचनाची एक मोठी लाट सरकते, घर झाडून काढल्यासारखी. पित्तनलिकेचं तोंडही त्याच लाटेच्या तालावर हलतं. पोटात अन्न पडलं की ताल मोडतो. गोमा या कुत्रीच्या आतड्यावर आणि नलिकेवर बारीक सेन्सर शिवलेले होते. गोमा पडल्या पडल्या जांभया द्यायची आणि यंत्राची पेनं कागदावर रेघा ओढायची.

त्या दिवशी रेघा नुसत्याच वळवळत होत्या. लाटेचा पत्ता नाही.

"काय ओरिहाराबाई, तुमची नलिका संपावर गेली वाटतं?" सर म्हणाले. "उद्या हे यंत्र हृदय विभागवाले नेणार. पुरे झालं आता."

"न्यायचं तर माझ्यासकट न्यावं लागेल." किनुए स्टूल ओढून यंत्रासमोर ठाण मांडून बसली. "सर, या रेघा जेवलेल्या कुत्र्याच्या आहेत."

"पण ती कालपासून उपाशी आहे म्हणालात ना?"

"म्हणून तर डोकं फिरलंय."

तिने गोमाकडे पाहिलं. गोमाने भिंतीकडे पाहिलं. तिच्या मिशांना एक पिवळा कण चिकटला होता. किनुएने तो बोटावर घेऊन हुंगला, आणि तिचा चेहरा पडला.

इमारतीमागे प्रयोगात गेलेल्या जनावरांचा स्मृतिदगड आहे. सकाळी म्हाताऱ्या तोरा कुत्र्याच्या आठवणीत तिने तिथे भाजलेलं रताळं ठेवलं होतं. गोमाची दोरी कोपरात अडकवून, डोळे मिटून, हात जोडून ती बराच वेळ उभी होती.

"तुम्ही डोळे मिटलेत, तिने नाही मिटले," हे ऐकून सर म्हणाले.

"चूक माझीच. पण जेवल्यावर ताल मोडतो, हे तर दिसलं ना? अर्धं काम झालं."

"अर्ध्यावर हृदयवाले ऐकणार नाहीत. उद्या दुपारपर्यंत बघा."

दुसऱ्या दिवशी किनुए गोमाला दगडाकडे न नेता सायकल स्टँडमागून, आकागी डोंगराचा बोचरा वारा खात घेऊन आली. पाण्याखेरीज काही दिलं नाही. दुपार झाली तशी हृदयवाल्यांची ढकलगाडी दारात येऊन उभी राहिली.

"बाई, उचलू का?"

"उचला. आधी मला."

तेवढ्यात आतड्याचं पेन उसळलं. पाठोपाठ नलिकेचंही. दोन्ही बरोबरीने थरथरली आणि बरोबरीनेच शांत झाली. सरांचा चहाचा कप अर्ध्यावर थांबला.

"पुन्हा येऊ दे," किनुए म्हणाली. "एकदा काय, योगायोगानेही येईल."

"म्हणजे अजून दोन तास?" गाडीवाला करवादला.

"बस बाबा," सर म्हणाले. "या बाईंशी वाद घालून मी काय कमावलं ते मला विचार."

लाट पुन्हा आली. नलिकाही तिच्याबरोबर हलली. यंत्र जागचं हललं नाही; गाडी मात्र रिकामी परत गेली.

मग किनुएने दोन रताळी आणली. एक गोमाला हाताने भरवलं. दुसरं दगडापाशी ठेवून हात जोडले, पण या वेळी डोळे उघडेच ठेवले.