सांगता येत नाही

२००८ च्या सुरुवातीला मिशिगनमध्ये निवडणुकीची हवा तापली होती आणि जो उठे तो मेक्सिको-कॅनडाबरोबरच्या व्यापार करारावर बोलत होता. करारातून बाहेर पडलो तर कारखाने परत येतील, असं एक बाजू म्हणायची. बाहेर पडलो तर आहे तेही बुडेल, असं दुसरी. आकडे दोघांकडे होते, आणि ते इतक्या छातीठोकपणे सांगितले जायचे की जणू पुढचं वर्ष यांनी कालच बघून ठेवलंय. तसलाच एक आकडा माझ्या टेबलावरून गेला होता, म्हणून माझं डोकं जास्तच फिरायचं.

मी डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये गाड्यांच्या दारांची कुलपं बनवणाऱ्या एका कंपनीत होते. पुढच्या वर्षी किती मागणी येईल याचा अंदाज बांधणं हे माझं काम. करार मोडला तर आपलं काय होईल ते काढ, असं साहेबानं सांगितलं. मी काढलं. प्रामाणिक उत्तर एका आकड्यात मावत नव्हतं. जकात किती बसेल, डॉलर कुठे जाईल, लोक मुळात गाड्या घेतील की नाही, हे सगळं आम्हीच गृहीत धरलेलं. एक गृहीतक बदललं की तोट्याचा फायदा व्हायचा. म्हणून मी इथपासून इथपर्यंत असा लांबलचक पट्टा दिला आणि खाली गृहीतकं लिहिली.

साहेबानं तो कागद पाहिला आणि म्हणाला, मॅनेजमेंटला रेंज नको असते, नंबर हवा असतो. मग त्यानं पट्ट्याचा मध्य उचलला, बाकीचं पुसलं, खालची गृहीतकंही पुसली. काँप्युटरनं दशांशचिन्हानंतर जो आकडा काढला होता तो मात्र ठेवला, कारण तो दिसायला बरा दिसतो. मी भांडले. तो हसून म्हणाला, तू फार काळजी करतेस. हवामान खातंसुद्धा 'तुरळक ठिकाणी' म्हणून स्वतःची सोय ठेवतं. याला तेवढीही लाज नव्हती.

त्या एका आकड्याची स्लाइड झाली आणि ती आमच्या कारखान्यात दाखवली गेली. तिथे चाचणी विभागात नागपूरचा एक इंजिनिअर होता, माझ्या नवऱ्याचा मित्र, जवळपास दर शनिवारी आमच्याकडे जेवायला. कारखान्यात सांगितलं गेलं, की भविष्य असं धोक्याचं असल्यामुळे खर्च वाचवायला चाचणी विभाग बहुधा मेक्सिकोत हलवू. ज्यांना तिकडे जायचंय त्यांनी आत्ताच नावं द्या, नंतर खात्री नाही. त्याचं ग्रीन कार्ड इथल्या नोकरीवर अडकलेलं. मेक्सिकोला गेला तर त्या रांगेतून कायमचा बाहेर. थांबला आणि विभाग बंद झाला, तर व्हिसाच संपला. बायकोचा इथला नर्सिंगचा कोर्स अर्ध्यावर. त्याला एवढंच कळायला हवं होतं, की इथला विभाग राहणार की जाणार.

त्या शनिवारी आमच्याकडे पॉटलक होतं, ज्यानं त्यानं घरून एकेक पदार्थ आणायचा. बाहेर बर्फ, दारात बुटांचा ढीग, आणि सोफ्यावर एक काका. मोटार कंपनीतून निवृत्त झालेले, तीस वर्षं इथे काढलेले, त्यामुळे सर्वज्ञ. नागपूरकरानं स्लाइडवरचा आकडा सांगितला तसे काका खूश झाले.

"हे बघ, सिम्पल आहे. पॉइंटनंतरचा आकडा दिलाय ना? म्हणजे कोणीतरी नीट कॅल्क्युलेट केलंय. ट्रस्ट द एक्स्पर्ट्स."

माझा नवरा म्हणाला, "कसले एक्स्पर्ट्स, काका! सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. यांना काही कळत नाही."

मला दोघांचाही संताप आला. एकाला दशांशचिन्हात देव दिसत होता आणि दुसऱ्याला माझं सगळं शिक्षण म्हणजे तोंडाची वाफ वाटत होती. मी हातातला वाढायचा डाव आपटला. "काका, तो पॉइंट मी दिलेला नाही. तो अंदाज माझा होता, आणि त्यात एक आकडा नव्हताच."

मी तावातावानं स्वयंपाकघरात गेले. नागपूरकर मागोमाग आला.

"वहिनी, मग तुम्हीच सांगा न. आमचा विभाग राहते का?"

मी वरण ढवळत होते. खरं तेच बोलले. "सांगता येत नाही रे."

त्यानं एकदा बाहेरच्या खोलीकडे बघून घेतलं. मग मान हलवली, हळूच "समजलं" म्हणाला आणि वरणाचं पातेलं स्वतःच बाहेर घेऊन गेला. मला तेव्हा बरं वाटलं. घरात निदान एकाला तरी अनिश्चितता म्हणजे काय ते कळतं, असं वाटलं.

सोमवारी त्यानं मेक्सिकोसाठी नाव दिलं. निरोपाला आला तेव्हा दारातच हात जोडून म्हणाला, "उपकार विसरणार नाही, वहिनी. कंपनीचं सिक्रेट असून तुम्ही इशारा दिला."

मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, अरे बाबा, सांगायची बंदी होती असं नाही, मला खरंच माहीत नव्हतं. तो हसला. "हो हो. बरोबर आहे. तुमचंही जॉब आहे." त्याची बायको डोळे पुसत गाडीत बसली होती, तिच्याकडे बघवेना.

करार कोणीच मोडला नाही. चाचणी विभाग हलला नाही, इथेच लंगडत चालू राहिला; नावं दिलेले तेवढे तिकडच्या कारखान्यात गेले. साहेबाला त्या आकड्याबद्दल कोणी एका शब्दानं विचारलं नाही. उलट त्याला बढती मिळाली, आणि ते मला अजून पचलेलं नाही. शरदात गाड्यांचा खपच कोसळला. ती शक्यता मी गृहीतकांत लिहिली होती, पुसलेल्या ओळींत. मेक्सिकोतली नवी भरती सगळ्यात आधी कापायला घेतली.

एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. आवाज थकलेला.

"वहिनी, नागपूरला परत जाऊ, की थोडं थांबून पाहू? पुढे काय होते?"

या वेळी मी शब्द निवडून, जवळजवळ ओरडून बोलले. "मला माहीत नाही. नीट ऐक. माहीत नाही. इथे कोणालाच माहीत नाही."

मग त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "इतकं वाईट आहे?"