हिंगाच्या डबीचा ठावठिकाणा

अख्ख्या म्हैसुरात शोधून सापडणार नाही असा एकच माणूस होता, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. काकांचं लष्कर मोहल्ल्यात शिलाईचं दुकान होतं. सणाच्या आठ दिवस आधी गिऱ्हाईक दुकानात शिरलं की काका मागच्या पडद्याआड, पडदा सारावा तर समोरच्या हॉटेलात, आणि हॉटेलात गाठावं तर विठ्ठलाच्या देवळात खांबामागे डोळे मिटून बसलेले. पकडले गेलेच तर अगदी शांतपणे सांगायचे, "झालंय हो, काज-बटण तेवढं बाकी." तेव्हा कापड कापलेलंही नसायचं. हाताला मात्र अशी सफाई, की एकदा त्यांच्याकडे सदरा शिवलेला माणूस दुसऱ्या शिंप्याकडे गेला नाही. शिव्या देत त्यांनाच शोधत राहिला.

पुढे तयार कपड्यांपुढे दुकान टिकलं नाही. मशीन विकलं आणि काका घरी बसले. त्या दिवसांत, काहीतरी बोलायचं म्हणून, मी त्यांना जिओकॅशिंगबद्दल सांगितलं. कुणीतरी कुठेतरी एक डबी लपवतं, तिचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकतं. बाकीच्यांनी फोन घेऊन ती हुडकायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबी होती तिथे ठेवून द्यायची. काकांनी दोन वेळा विचारलं, "म्हणजे लोक मुद्दाम शोधायला येतात?" मी हो म्हटलं आणि तिथेच चुकलो.

या छंदाला म्हणे खास यंत्र लागतं, बूट लागतात, पाठीवरची पिशवी लागते. काकांनी यातलं काहीही विकत घेतलं नाही. फोन माझा जुना, काचेला तडा गेलेला. त्यात नेट घालणं त्यांना उधळपट्टी वाटे, म्हणून दर रविवारी ते सायकल हाणत माझ्या जयलक्ष्मीपुरमच्या घरी येत आणि आठवड्याचे नकाशे उतरवून घेत. हे काम नेमकं कॉफीच्या वेळीच निघायचं. पिशवी मोडक्या छत्रीच्या कापडाची, शिवण अशी की पावसाचा थेंब आत जाणार नाही. डबीतली वस्तू उचलली तर तोलामोलाची दुसरी ठेवायची, असा नियम आहे. काकांनी एकदा किल्लीची साखळी घेतली आणि बदल्यात कापडानं मढवलेली दोन बटणं ठेवली. दुसरं कशाला, विचारलं तर म्हणाले, पहिलं तुटलं तर असावं.

फोन जागेच्या आसपास आणून सोडतो, पुढे आपले डोळे. काकांचा डोळ्यांपेक्षा गळ्यातल्या टेपवर भरवसा. एकदा एका गल्लीत ते भिंतीपासून गटारापर्यंत टेप लावून आकडे पुटपुटत होते, तर रस्ता रुंद होणार अशी बातमी पसरली. दुकानदारांनी खुर्ची दिली, कॉफी दिली, वर गोड बोलून आमची पायरी तेवढी सोडा म्हणाले. काकांनी कॉफी घेतली, पायरी सोडली आणि जाताना एकाला सांगितलं की तुमच्या पँटची कंबर सैल आहे.

मग त्यांनी स्वतःची डबी लपवली. बन्नीमंटपकडे, एका जुन्या झाडाच्या मुळांतल्या खोबणीत. डबी पत्र्याची, वर हिरव्या कापडाची खोळ, आत हातानं शिवलेली वही. नेटवरची नोंद मीच करून दिली. दर आठवड्याला काका जाऊन वही उघडून बघत आणि परत येत. महिने गेले, एक नाव आलं नाही. एका रविवारी कॉफीचा पेला हातात धरून म्हणाले, "चाळीस वर्षं लोक मला शोधत होते आणि मी लपत होतो. आता सुम्ने, उगाच आपला घरात बसलोय, तर कुणी विचारत नाही की रे." 

त्यात दसरा आला. आयुधपूजेला आमच्याकडे शिंपी मशीनची आणि कात्रीची पूजा करतो. मशीन तर गेलेलं. काकांनी टेप पुजला, फोन पुजला, सायकलीला हार घातला आणि मग त्यांना राहवेना. बन्नीमंटपला जाऊन त्यांनी डबीलाही हळदकुंकू लावलं, वर शेवंती ठेवली. दुसऱ्या दिवशी तिथे कुणीतरी पणती ठेवली. चार दिवसांत लिंबं आली, आठवड्यात नारळ फुटला. आता डबी शोधायची गरजच उरली नाही, पण देवीची डबी उघडणार कोण? काकांचा चेहरा पाहवत नव्हता.

आणि एके सकाळी मावशीचा मला फोन. "ती बन्नीमंटपची अम्मा लई पावते म्हणे. स्वल्प, जरा नेऊन आण की मला. ह्यांचं हे भटकणं थांबू दे म्हणून नवस बोलते." सत्य सांगायची माझी हिंमत झाली नाही. गुडघे धरत मावशी झाडापाशी वाकली, हात जोडले आणि जोडलेलेच ठेवून खोळीकडे बघत राहिली. मग फुलं बाजूला करून तिनं डबी सरळ उचलली.

"हा टाका ह्यांचा," ती म्हणाली. खोळ काढली. "आणि ही माझी हिंगाची डबी."

वहीच्या पहिल्या पानावर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, शोधलंत, उपकार झाले, नाव लिहा. खाली सगळं कोरं. मावशीनं ते पान वाचलं. मग माझ्याकडून पेन घेतलं, आपलं नाव लिहिलं, थांबली, मधे काकांचं नाव लिहिलं आणि पुढे आडनाव. लग्नातला उखाणा सोडला तर तिनं ते नाव एरवी कधी तोंडानं घेतलं नव्हतं. डबी तिनं परत खोबणीत ठेवली. नवस बोलली की नाही, कोण जाणे.

त्या रविवारी काका आले, पण नकाशे उतरवले नाहीत. "एक नाव आलंय," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मधे माझं लिहिलंय, बघितलंस?" मी बघितलं होतं. काकांनी चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसला. "तुझी मावशी डबी परत मागतेय. सांग तिला, होईल. काज-बटण तेवढं बाकी."

मावशी अजून डबी मागते आहे. काकांच्या मागे मागे स्वयंपाकघरातून ओसरीवर येते, आणि काका हळूच देवळाकडे निघतात, वळून एकदा बघतात, ती येते आहे ना म्हणून.