थेल्माचा एकटीचा आठवडा

थेल्मा हॉजेट एकटीच टॅक्सीतून क्लिफच्या आवारात उतरली तेव्हाच हे काही धड होणार नाही असं मला वाटलं. मी काही शकुन-अपशकुन मानणाऱ्यातली नाही. पण तीस वर्षं ज्या बाईला मी नवऱ्याच्या मागून पिशव्या वाहत येताना पाहिलं, ती एक छोटी सुटकेस घेऊन सरळ बोटींकडे चालायला लागली, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

ऑक्टोबर संपत आला होता. हॅडलीच्या चढाच्या पायथ्याशी क्लिफचं भाड्याच्या बोटींचं आवार आहे आणि त्याला लागून माझी बोट बांधलेली असते. चढावर कालवा पायऱ्यापायऱ्यांनी वर जातो; प्रत्येक पायरीला लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, त्यात पाणी भरलं की बोट वर येते आणि सोडलं की खाली जाते. मी या कालव्यावर कोळसा, डिझेल आणि गॅसच्या टाक्या विकते. सुट्टीवाल्यांना मी एरवी लांबूनच नमस्कार करते. आठवडाभर खलाशी टोप्या घालून हिंडतात, माझ्या बोटीला धडका देतात आणि वर हसतात. थेल्मा आणि तिचा नवरा डेस त्यातले नव्हते. तो वुल्व्हरहॅम्प्टनला बस चालवायचा, ती शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढायची, आणि दर वर्षी त्यांची ठरलेली एक बोट, ठरलेला एक आठवडा. गेल्या हिवाळ्यात डेसचं हृदय बंद पडलं.

"डेसचं कळलं. फार वाईट झालं," क्लिफ म्हणाला. "मग सोबत कोण?"

"कोणी नाही. मीच."

"एकट्या माणसाला मी बोट देत नाही, थेल्मा. माहितीये तुला."

"इतकी वर्षं येतेय तुझ्याकडे. कधी ओरखडा आलाय बोटीला?"

"डेसनं नाही येऊ दिला."

"आणि लॉक कोण उघडायचं? तुझी आई?"

मला हसू आलं. क्लिफलाही आलं, आणि हसलेल्या माणसाला नंतर नाही म्हणता येत नाही. शिवाय हंगाम संपलेला, बोट रिकामीच उभी होती. त्यानं तिला आवाराबाहेरच्या सरळ पाण्यावर दोन फेऱ्या मारायला लावल्या. सुकाणूचा दांडा तिनं आयुष्यात पहिल्यांदा धरला होता. पहिल्या फेरीत ती समोरच्या झुडपात शिरली. दुसऱ्या फेरीत नाही.

"जमतंय की," क्लिफ म्हणाला, पण माझ्याकडे बघून त्यानं भुवया वर केल्या.

या कालव्यावर जोडप्यांची वाटणी ठरलेली असते. नवरा बोटीच्या मागच्या टोकाला उभा राहून सुकाणू धरतो, बायको काठानं पुढे चालत जाऊन लॉक उघडते. म्हणजे बाईनं जड दारं पाठीनं ढकलायची, किल्ली फिरवून झडपा उचलायच्या, पाणी चढवायचं, उतरवायचं, आणि बाप्या आत चहाचा कप घेऊन उभा. हे असं का, ते मी कधी कोणाला विचारलेलं नाही आणि विचारलं तरी कोणी उत्तर देणार नाही. थेल्मानंही कधी विचारलं नव्हतं.

बुधवारी ती मला वरच्या माळावर भेटली. हॅडलीचा सगळा चढ ती एकटीनं चढून आली होती. तिनं कोळशाची एक गोणी घेतली आणि मला चहाला आत बोलावलं. डब्यातलं गरम कस्टर्ड आणि बिस्किटं पुढे ठेवली. हात पार सोलवटलेले होते, पण तोंडावर तेज होतं.

"मी शाळेत सगळ्यांना सांगायचे, आम्ही बोटीवर जातो म्हणून," ती म्हणाली. "बोटीवर मी असायचे कुठे? सगळा आठवडा काठानं पायपीट. बोट म्हणजे रात्री झोपायची जागा."

"मग दांडा मागायचास एकदा."

"मागितला की. तुला नाही जमायचं, म्हणाला. रागानं नाही गं. प्रेमानंच म्हणाला."

"प्रेमानंच म्हणतात सगळे."

मग तिनं एकटीनं येण्याचं खरं कारण सांगितलं. तिची मुलगी लॉरेन तिला घर विकायला सांगत होती. जिन्यावरून पडशील, गॅस चालू ठेवशील, आमच्याकडे मागच्या खोलीत ये. लॉरेन वाईट नव्हती, हे तिनं दोनदा सांगितलं. वाईट नव्हती म्हणूनच तिच्याशी भांडता येत नव्हतं. शेवटी थेल्मानं तिला म्हटलं की मी एक आठवडा बोट एकटी फिरवून आणते. धड परत आणून दिली तर घराचा विषय बंद. नाही जमलं तर तू म्हणशील तसं.

"आणि ती कबूल झाली?"

"हसली. बरं म्हणाली. शनिवारी दुपारी क्लिफच्या आवारात घ्यायला येणार आहे."

"येताना तुला उतरायचंय, थेल्मा. चढणं वेगळं."

"ठाऊक आहे मला. उंबरा."

चढताना पाणी बोटीला उचलतं, फार तर आदळआपट होते. उतरताना खरी भीती असते. लॉकच्या वरच्या दारांखाली दगडाचा रुंद उंबरा असतो. लॉक भरलेला असतो तेव्हा तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. पाणी सोडलं की बोट खाली जाते, आणि तिचं मागचं टोक त्या उंबऱ्यावर राहिलं असेल तर ते तिथंच अडकतं. पुढचं टोक मात्र पाण्याबरोबर खाली जात राहतं. मग पुढून पाणी शिरून बोट बुडते, काही क्षणांचाच खेळ. म्हणून भिंतीवर पांढरी रेघ मारलेली असते. बोट त्या रेघेच्या पुढे ठेवायची आणि झडप उचलल्यावर नजर मागच्या टोकावरून हलवायची नाही. नजर ठेवायचं हे काम मागे उभ्या असलेल्या माणसाचं. थेल्माच्या बाबतीत डेसचं.

त्या दिवशी तिथला एक सुटा लॉक ती उतरली तेव्हा मी मुद्दाम थांबून पाहिलं. तिनं सगळं बरोबर केलं. दोरी खुंटाला वळसा घालून हातात धरली, झडप अर्धी उचलली, मागे आली, रेघ पाहिली, परत गेली, थोडी आणखी उचलली, परत आली. पण झडपेशी असताना प्रत्येक वेळी आधी तिची पाठ वळायची, ती खालच्या पाण्याकडे बघत उभी राहायची, आणि मग दचकल्यासारखी मागे फिरायची. अंगवळणी पडलेलं होतं तिच्या. मागे बघायचं तिला दर वेळी नव्यानं आठवावं लागत होतं.

"मी येते शनिवारी तुझ्याबरोबर," मी म्हटलं. "दोरी धरते फक्त."

"मग एकटीनं कसं होईल ते?" ती म्हणाली. "तू मला शुभेच्छा दे आणि गप्प बस, हेझेल."

मी शुभेच्छा दिल्या, पण मला तिचा रागही आला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शनिवारी सकाळी धुकं उतरलं. हॅडलीच्या उतारावर दोन्ही बाजूंनी झाडी आहे, तिथं धुकं साचून राहतं. पाण्यावर कुजक्या पानांचा थर होता. मी माझी बोट घेऊन पायथ्याहून वर चालले होते आणि एकेक लॉक मला रिकामा मिळत होता, म्हणजे सरळ आत शिरता येत होतं. उताराच्या मध्यावरच्या एका लॉकखाली मात्र खालची दारं बंद दिसली आणि वर किल्लीचा कटकट आवाज ऐकू आला. वरून बोट उतरत होती. मी इंजिन मंद केलं आणि पाणी यायची वाट बघत थांबले.

खालून लॉकच्या आतलं काही दिसत नाही. दारं आणि भिंत, बस. भिंतीच्या वर थेल्मा दिसली. तिनं मला पाहून मान हलवली. मी ओरडून विचारलं, "ठीक ना?"

"एकदम ठीक," ती म्हणाली. "आणखी चारच राहिलेत."

तिच्या आवाजात इतका आनंद होता की मला माझीच लाज वाटली. चार दिवस मी उगीच जिवाला घोर लावून घेतला, असं वाटलं.

मग मला वरच्या दाराशी, धुक्यात, एक माणूस उभा दिसला. तपकिरी कोट, हात मागे बांधलेले. बोटी बघत उभे राहणारे असे निवृत्त लोक आमच्या प्रत्येक लॉकला सापडतात. तो नेमका बोटीच्या मागच्या टोकाजवळ उभा होता. जिथं डेस असायचा, त्या जागेपासून अगदी हाताच्या अंतरावर.

थेल्मानं एकदा मागे पाहिलं. तिथं एक पुरुष उभा आहे, एवढं तिला दिसलं. मग तिनं पाठ फिरवली आणि एक झडप पूर्ण उचलली. दुसरीकडे गेली आणि तीही पूर्ण उचलली. माझ्या अंगावर दोन्ही झडपांचं पाणी उसळून आलं. ती खाली पाण्याकडे बघत उभी राहिली, हात कमरेवर, अगदी पूर्वीसारखी.

ती मागे वळली नाही. मी मनात म्हणत होते, वळ, आता वळ.

"थेल्मा, मागे बघ," मी ओरडले. पाण्याच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. तिनं कानाला हात लावला आणि हसून माझ्याकडे झुकली.

आतून लोखंड दगडावर घासल्याचा आवाज आला. मग कपबशा फुटल्याचा. आवाज कशाचा ते मला कळलं आणि मी बोट तशीच सोडून काठावर उडी मारली, पायऱ्या चढायला लागले. थेल्मा तेव्हा वळली. तिनं जे करायला हवं तेच केलं, क्षणही न दवडता: झडप खाली पाडली, दुसऱ्या झडपेकडे धावली, तीही पाडली, वरून पाणी घ्यायला वरच्या दाराकडे पळत सुटली. हॅडलीवर तिच्याइतक्या वेगानं लॉक हाताळणारी बाई मी पाहिलेली नाही. पण पुढच्या टोकाच्या छोट्या दारातून पाणी आधीच आत शिरलं होतं. मी वर पोचले तोवर बोटीचा पुढचा अर्धा भाग दिसत नव्हता. मागचं टोक उंबऱ्यावरून सुटलं आणि एक मोठा उसासा टाकून सगळी बोट खाली बसली. पाण्यावर एक उशी, बिस्किटांचा डबा आणि तिची सुटकेस तरंगत राहिली.

तपकिरी कोटवाला टोपी काढून उभा होता.

"तुम्ही इथं उभे होतात," मी त्याला म्हटलं. "मागचं टोक वर राहिलेलं दिसत नव्हतं तुम्हाला?"

"दिसत होतं," तो म्हणाला. "मी आधीच त्यांना विचारलं होतं, मदत हवी का म्हणून. त्या म्हणाल्या, नको, मला सगळं येतं. मग मला वाटलं, हे असंच करत असतील. मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं."

मी त्याला तिथंच पाण्यात ढकललं असतं. पण थेल्मानं माझा दंड धरला. "त्यांना बोलू नकोस. त्यांनी विचारलं होतं," ती म्हणाली. तिचा हात बर्फासारखा गार होता.

मग कालव्याची माणसं आली, क्लिफ आला. क्लिफनं तिची सुटकेस पाण्यातून ओढून काढली आणि माझ्या बोटीच्या दाराशी ठेवली. थेल्मा माझ्या बोटीत शेगडीजवळ बसून होती. चहा दिला तो तिनं हातात धरून गार केला. "कोणीतरी होतं तिथं," एवढंच ती मध्येच म्हणाली. "कोणीतरी होतं म्हणून मी बघितलं नाही."

दुपारी लॉरेन एकटीच आली; तिचा नवरा केव्हिन घरीच थांबला होता. क्लिफनं तिला फोनवर सांगितलंच होतं. मला वाटलं, आता टोमणे मारील, आणि मी उत्तरं तयार ठेवली होती: संपूर्ण चढ तुझी आई एकटी चढली, सगळे लॉक तिनं बरोबर केले, शेवटचे चार राहिले होते. पण लॉरेननं टोमणे मारले नाहीत. तिनं आईला मिठी मारली, स्वतःचा कोट तिच्या खांद्यावर टाकला आणि रडली.

"तू आत नव्हतीस, आई. बस. बोटीचं काय, बोट काढतील."

"मी हरले," थेल्मा म्हणाली.

"हरणं-जिंकणं काय त्यात? चल घरी. तुझी खोली तयार आहे. तू निघालीस ना, त्याच शनिवारी केव्हिननं रंग द्यायला घेतला. परवाच पूर्ण झाला."

म्हणजे थेल्माला जमेल असं घरी कोणी धरलंच नव्हतं. मी तयार ठेवलेल्या उत्तरांचा आता कोणाला उपयोग नव्हता.

"कुठला रंग दिला?" थेल्मानं विचारलं.

"फिका पिवळा. तुझा आवडता."

"पिवळा तुझ्या बाबांना आवडायचा," थेल्मा म्हणाली, आणि जाऊन गाडीत बसली.